80 च्याच आसपास

काल दादा सहज म्हणाला, "एवढं काय गं त्या टिरनी गेमचं, मेटाक्रिटिकला तर 80 च्याच आसपास आहे." म्हणाला आणि जेवायला निघून गेला. मी मात्र अजून त्या 'च्याच' वर अडकलेय.

मेटाक्रिटिक ही साइट रिव्ह्यूंच्या मार्कांची सरासरी काढते, त्यात 100 पैकी 80 म्हणजे काही वाईट नाही हो. 2016 च्या नोव्हेंबरात आला तेव्हा ऑब्सिडियन कंपनीच्या त्या व्हिडिओ गेमचं कौतुकच झालं होतं, जग भारी उभं केलंय, सुरुवातीचा कॉन्क्वेस्ट मोड तर सगळ्यांनाच आवडलेला, तीन वर्षांच्या युद्धात तुम्ही काय काय केलंत ते आधीच ठरवायचं आणि मग लोक ते विसरत नाहीत. रात्री बसून जुने रिव्ह्यू परत वाचले, का ते माहीत नाही. लढाई बेताची, पार्टीत चारच जण, शेवट घाईत गुंडाळलाय, ज्यांच्या चाकरीत आपण असतो त्या सर्वसत्ताधीश कायरॉसशी खरा सामना आता सुरू होणार असं वाटतं तोच क्रेडिट्स. सगळं बरोबर आहे! शेवटाबद्दल तर मीही चिडले होते. मग मला राग नक्की कशाचा आला?

मला वाटतं मी त्यात कोणालातरी शोधत होते. वेलम सिटाडेलवर एडिक्ट ऑफ फायर, म्हणजे कायरॉसचं आग लावणारं जादुई फर्मान, वाचून दाखवलं, एवढं मोठं ग्रंथालय पेटवलं, आणि पुढे लँट्री, जो तिथलाच लिहिणारा माणूस, माझ्याच पार्टीत येऊन हिंडतोय, तरी मी त्याचे टॅलेंट पॉइंट कुठे टाकायचे याच विचारात. हे कोणाला खुपलं का? मी जे वाचलं त्यात तरी हे सगळं "निर्णयांचे परिणाम जाणवतात" या एका ओळीत उरकलेलं. जाणवतात म्हणजे कोणाला जाणवतात बाबा, मला तर तेव्हा जाणवलंच नाही, तेच तर म्हणणं आहे माझं.

काहींची तक्रार अशीही की यात पुरेसं दुष्ट होता येत नाही, सगळं फार समजूतदार वाटतं. इथे मी हसले. अरे फेटबाइंडर, म्हणजे यात आपण जे पात्र खेळतो ते, कोण, कायरॉसचा न्यायाधीश ट्युनॉन याच्या दरबारातला शिक्का मारणारा अधिकारीच ना, त्याला कुठे दात विचकायला वेळ आहे. फर्मान वाचायचं, मुदत सांगायची, डिसफेव्हर्ड आणि स्कार्लेट कोरस या कायरॉसच्याच दोन सैन्यांची भांडणं सोडवायची, आणि व्हेंड्रियन्स वेलमध्ये तर फर्मान असं की वेळेत असेन्शन हॉल हा किल्ला ताब्यात आला नाही तर आतले सगळेच मरणार, आपणही. मग माणूस कामालाच लागतो की. मीही लागले, आणि काम नीट झालं की बरं वाटायचं. डिसफेव्हर्डचा सेनापती ग्रेव्हन अ‍ॅश याने कौतुक केलं की जरा जास्तच. (ऑफिसबद्दल आज लिहिणार नव्हते, नाहीच लिहीत.)

काल रात्री वाटत होतं की आपल्यालाच काहीतरी झालंय, बाकीचे लोक गेम खेळतात, मार्क देतात, झोपतात, आणि मी एकटी इथे कुढत बसलेय. आज सकाळी तेवढं नाही वाटत. कुढायला कोणी सांगितलंय, आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याने माझ्या मनाचं ओझं कुठल्या रकान्यात भरायचं, ग्राफिक्सच्या खाली? शिवाय गेम अपेक्षेएवढा विकलाही गेला नाही, पुढचा भाग नाही, म्हणजे कायरॉसचं काय झालं ते कळायचा प्रश्नच मिटला. बाई आहे की पुरुष हे पण गेममध्ये कोणाला ठाऊक नाही, आणि आपण चाकरी करतोय.

दादाला यातलं काही सांगणार नाहीये. बास्टर्ड्स वूंड हा गेमचा जोडभाग घेऊन ठेवलंय, त्याला तर लोकांनी अजून नावं ठेवलीत, छोटंय, गोष्ट पुढे सरकतच नाही वगैरे. म्हणजे बहुतेक मला आवडणार. यावेळी स्कार्लेट कोरसचा म्होरक्या व्हॉइसेस ऑफ नेराट याच्या बाजूने जाईन म्हणतेय, तिथे निदान कौतुकाची आशा नाही.