धोटा, बिल्ला आणि मनीऑर्डरची कुपने

माझे वडील मुंबईच्या एका कापड गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात, कामाला होते आणि आई आम्हा मुलांना घेऊन कणकवलीजवळच्या गावी राहत असे. त्या काळातल्या आमच्या घराचे म्हणता येईल असे फार थोडे उरले आहे : बाबांचा खातेक्रमांक कोरलेला पितळी बिल्ला, त्यांनी निवृत्तीच्या वेळी आणलेला एक धोटा (मागावर आडवा धागा नेणारे लाकडी साधन), आणि बिस्किटांच्या डब्यात आईने जपलेली मनीऑर्डरची कुपने. गेल्या पावसाळ्यापूर्वी मी या वस्तूंसाठी घरीच एक खोल काचपेटी केली.

याआधी एकदा हे काम मी बाहेर दिले होते. फ्रेम करणाऱ्याने तीन कुपने साध्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून काच थेट त्यांच्यावर दाबून बसवली आणि दोन पावसाळ्यांत कागदावर तपकिरी डाग उमटले. काचेला चिकटलेले कुपन सोडवण्यासाठी मी ओलसर कापूस लावला, तेव्हा बाबांच्या अक्षरांची निळी शाई माझ्या डोळ्यांदेखत पसरली आणि त्या कुपनावरचा मजकूर आता कोणालाही वाचता येणार नाही. म्हणून या वेळी पहिला नियम असा ठरवला की काहीही चिकटवायचे नाही. पेटीत ठेवलेली प्रत्येक वस्तू इजा न होता पुन्हा हातात घेता आली पाहिजे.

पेटी जुन्या सागवानी फळ्यांची असून 60 सेंमी रुंद, 45 सेंमी उंच आणि 9 सेंमी खोल आहे. एवढी खोली धोट्यामुळे ठेवावी लागली. पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा आणि त्यावर मांजरपाट ताणून बसवले. गिरणीच्या आठवणींना पाठ द्यायची तर ती मांजरपाटाचीच असावी, असे मला मनापासून वाटले. मात्र कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि खळीवर कसर येते, म्हणून ते कापड दोनदा उकळून, खळ पूर्ण काढून आणि कडक उन्हात वाळवून मगच वापरले.

धोटा सुमारे 40 सेंमी लांब आहे. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधल्या पोकळीत सूत गुंडाळलेली कांडी बसवायची जागा आणि बाजूला धागा बाहेर येण्याचे छिद्र. साच्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हजारो वेळा धावून त्याचे लाकूड इतके गुळगुळीत झाले आहे की बोट फिरवले तर कुठे अडत नाही. तो दोन ठिकाणी सुती फितीने बांधून फितीची टोके पुठ्ठ्यातून मागे ओढली आणि तिथे गाठ मारली. बिल्लाही तसाच, दोऱ्याने. अनेकांनी तो चिंचेने घासून लख्ख करण्याचा सल्ला दिला, पण त्याच्यावरचा काळपटपणा बाबांच्या हाताचा आहे आणि तो मी काढणार नाही.

सर्वांत जास्त वेळ कुपनांना लागला. पोस्टमन पैसे देताना फॉर्मचा जो तळाचा तुकडा फाडून देत असे, त्यावर पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहिता येत. बाबा नेहमी जवळपास तेच लिहीत : ‘पैसे पोचल्याचे कळवणे. मुलांस जपणे.’ प्रत्येक कुपन आधी स्कॅन केले आणि मग आम्लरहित कागदाचे चार छोटे कोपरे करून, फोटो अल्बममध्ये बसवावा तसे त्यांत सरकवले. काच कागदाला कुठेही टेकत नाही. दारालाच काच बसवून ते बिजागरीवर ठेवले आहे. पेटी बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर न लावता मधल्या बोळातल्या भिंतीवर लावली, कारण तिथे ऊन येत नाही आणि उजेडाने कागद व शाई खराब होते. वस्तुसंग्रहालयांत जुन्या कागदासाठी प्रकाश साधारण 50 लक्सच्या आत ठेवतात, तो याच कारणासाठी.

कुपने तारखेप्रमाणे लावताना माझ्या लक्षात आले की जानेवारी 1982 नंतर डब्यात एकदम पुढच्या वर्षाचेच कुपन आहे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते. आधी मला ती फट खटकली आणि कुपने जवळ सरकवून ओळ सलग करावी असे वाटले. शेवटी मी तसे केले नाही. त्या दोन कुपनांच्या मध्ये एका कुपनाएवढी जागा कोरी सोडली.

पेटी भिंतीवर लावली त्या दिवशी आई बराच वेळ त्या कोऱ्या मांजरपाटाकडे पाहत होती. मग म्हणाली, “त्या वर्षी पैसे यायचे नाहीत, तेव्हा मीच त्यांना उकडे तांदूळ पाठवले होते. दोन पायली. मुंबईला जाणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर.” हे तिने याआधी कधीच सांगितले नव्हते. प्रत्येक वस्तूची माहिती मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिली आहे, कारण शाई ओलीने फुटते. त्या संध्याकाळी पेटी पुन्हा खाली उतरवली आणि कोऱ्या जागेच्या बरोबर मागे लिहिले : ‘1982. उकडे तांदूळ, दोन पायली. आईकडून बाबांना.’