गोळ्यांची पिशवी आणि धाव्याचा उतार

आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरची वाट मी पूर्ण करत नाही. दिवेघाटात माझी तीनचाकी ढकलायला वाटेल तेवढी माणसं पुढे येतील, पण त्यांचा दम काढून मला पुण्य नको. मी लोणंदला दिंडीत मिसळतो.

विहिरीच्या कामावर यारीचा दोर तुटला आणि मी खाली गेलो. मणका गेला. कमरेखाली हालचाल नाही आणि जाणीवही नाही. लोकांना पहिलं दिसतं, खरा छळ दुसरं करतं. दुखत नाही म्हणून कळत नाही. एकाच जागी दाब पडत राहिला की कातडी मरते आणि जखम हाडापर्यंत जाते. घरी पडून होतो तेव्हा आई रात्रीसुद्धा दर दोन तासांनी उठून कूस बदलायची. ती उठायच्या आधीच मी जागा असायचो. हिला माझ्यातून कसं सोडवावं, हाच विचार. कुणाशी बोललो नाही.

एके दिवशी गावच्या दिंडीचे विणेकरी नाना घरी आले. धीर दिला नाही, देवाचं नाव काढलं नाही. म्हणाले, "दिंडीच्या वर्गणीची, भिशीची वही लिहायला माणूस नाही. अक्षर बरं आहे का तुझं?"

बरं होतं.

रस्त्यावर माझी वेळ अभंगांवर चालते. दर पंधरा-वीस मिनिटांनी हात रोवून अंग सीटवरून उचलावं लागतं. अभंग संपला की उचलायचं, हा मी लावलेला नेम. आता तो मागच्या आज्यांनाही पाठ झालाय, विसरलो तर ओरडतात, "माउली, उठा की!" लघवीसाठी ठरावीक तासांनी नळी घालावी लागते. फिरती शौचालयं असतात, पण पायऱ्या चढून जायची. म्हणून ट्रकच्या मागे जुनं लुगडं बांधून आडोसा करतो. रात्री राहुटीत भाचा बॅटरी लावून बुडाला कुठे लाली आली का बघतो. वारीच्या वर्णनांत हे येत नाही, माझी निम्मी वारी मात्र यातच जाते.

काही जण मांडीवर दहाची नोट ठेवून जातात. ती मी भिशीत जमा धरतो. पाया पडणाऱ्यांचं काही वाटत नाही, कारण इथे सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात. मला त्यांची बोटं लागलेली कळत नाहीत, नुसती दिसतात.

मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तीच तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिचं म्हणणं ऐकून घेतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मनात आलं, खाटेवर पडून मीही असाच टाळ बडवत होतो. नाना अक्षराची चौकशी करायला आले ते काही उगीच नव्हे. त्यांनी मात्र हे कधी कबूल केलेलं नाही.

वहीबरोबर आता गोळ्यांची पिशवीही माझ्याकडे असते. दिंडीत निम्म्यांना बीपी, बाकीच्यांना साखर. पंगत बसायच्या आधी मी नावं पुकारतो. एका आजीला वाचता येत नाही, तिच्या सकाळच्या पाकिटाला लाल दोरा आणि रात्रीच्या पाकिटाला काळा. दोरा सुटला की ती गोळी घेतच नाही, मला शोधत येते.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. तिथल्या टेकडीवरून तुकोबांना विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. म्हणून तो उतार सगळे पळत उतरतात. एरवी मी दिंडीच्या शेपटाला, पण उतार मला कुणाहून जास्त मानवतो! भाचा मागचा दांडा धरून पळत होता, मी ब्रेक निम्मा सोडला. खड्ड्यांनी सायकल हादरायला लागली आणि पट्ट्याने बांधलेले माझे पाय आपोआप झटके द्यायला लागले. हे झटके मला नेहमीचेच, रात्री झोपू देत नाहीत. शेजारून पळणारा एक गडी मात्र ओरडला, "माउली, तुमचं पाय बी पळायलेत!" हसता हसता ब्रेक धरायचं राहून गेलं आणि आम्ही दोन दिंड्या ओलांडून थेट एका टँकरपाशी थांबलो. नाना दिवसभर बोलले नाहीत.

पंढरपुरात मी दर्शनबारीला जात नाही. हजारो वारकरी कळसाला हात जोडून परततात, मीही तेच करतो. निरोप वाखरीलाच सुरू होतात. आजी पाकिटं मोजून परत घेताना म्हणाली, "फुडल्या वर्षी येणार न्हवं? न्हाईतर ह्या दोऱ्याचं आत्ताच कुणाला तरी शिकवून ठेव."

शिकवतो म्हणालो. अजून कुणाला शिकवलेलं नाही.