गोष्ट जुनी असली तरी लिहा

कार्यशाळेत, फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "कथा लिहायची आहे हो, पण जे सुचतं ते आधीच कुणीतरी लिहिलेलं असतं. कुणालाच न सुचलेलं कथाबीज आणायचं कुठून?"

तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगते, ते शोधत बसू नका. या शोधापायी चांगली लिहिणारी माणसं लिहायचीच थांबतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

ययातीचंच बघा. महाभारतातली ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा मुलांकडे तारुण्य मागतो, बाकीचे नाही म्हणतात, धाकटा पुरू देतो. वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली १९५९ मध्ये, गिरीश कार्नाडांचं 'ययाति' हे कन्नड नाटक १९६१ मध्ये. गोष्ट तीच, नावही तेच, मध्ये जेमतेम दोन वर्षं. तरीही एक वाचल्यावर दुसरं शिळं वाटत नाही. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापली बाजू स्वतःच्या तोंडून मांडू दिली. कार्नाडांनी पुरूच्या शेजारी त्याची नवी नवरी उभी केली, चित्रलेखा. बापासाठी मुलाने केलेला त्याग आपण पिढ्यान्‌पिढ्या वाखाणत आलो. पण ज्या मुलीचा नवरा क्षणात जख्ख म्हातारा झाला, तिला कुणी विचारलं होतं? तारुण्याच्या त्या देवघेवीत मूळ कथा तिच्याकडे बघतसुद्धा नाही. कार्नाडांनी बघितलं, आणि सगळं नाटकच फिरलं. घडलेल्या गोष्टीचा भार नेमका कुणावर पडतो ते शोधा, असं मी म्हणते ते यासाठी.

दुसरं म्हणजे कथाबीजाची एवढी काळजी करणारे लोक वाक्यांची तेवढी करत नाहीत.

समजा, वडील वारल्यावर मुलगा गावी येतो, एवढीच कथा आहे. असंख्य वेळा लिहिली गेलेली. लिहायला बसलं की रिकामी आरामखुर्ची येते, हार घातलेला फोटो येतो, आईच्या डोळ्यांत पाणी तरळतं. भराभर येतं, कारण ते आपण वाचलेलं असतं. अशा ठिकाणी मी पेन खाली ठेवते आणि त्या घरात सध्या काय काय चाललं असेल याचा विचार करते. वडील निवृत्त शिक्षक होते. म्हणजे आता आईला कुटुंब निवृत्तिवेतन. म्हणजे नोव्हेंबर उजाडला की हयातीचा दाखला. इतकी वर्षं वडील बँकेच्या रांगेत उभे राहायचे आणि ती पिशवी सांभाळत बाकावर बसायची. यंदा रांगेत ती आहे. आपण जिवंत आहोत, असं सांगणाऱ्या कागदावर तिला सही करायची आहे. अर्ज भरता भरता ती थांबते आणि मुलाला हळूच विचारते, "मधलं नाव ह्यांचंच लिहायचं ना अजून?"

आता डोळ्यांत पाणी आणायची गरज उरत नाही. आणि ही बाई आरामखुर्चीवाल्या कुठल्याच कथेतली नाही, ती याच घरातली आहे.

"पण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही," असंही पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. रेशनकार्डावरून नाव कमी करून घ्यायला गेला असाल, सोसायटीच्या सभेत दोन शेजाऱ्यांचं पार्किंगवरून वाजलेलं पाहिलं असेल, तर तुमच्याकडे भरपूर आहे. आणि वाचनाने आपल्यावर छाप पडेल म्हणून वाचन बंद करू नका. छाप पडतेच, आणि लिहिता लिहिता उतरते. दुसऱ्याचं पात्र किंवा परिच्छेद उचलणं मात्र सरळ चोरी आहे, तिथे सवलत नाही.

तेव्हा 'हे तर झालेलं आहे' म्हणून तुम्ही अर्धवट टाकलेली ती कथा बाहेर काढा. जी वाक्यं जराही न अडखळता उतरली असतील, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि आधी तेवढीच पुन्हा लिहा. मग मला वाचायला द्या. मी वाट बघते.