आडगाव ते वाशी आणि परत : पिकअपचे टायर बदलल्यावर लागलेल्या डिझेलचा हिशेब

टोमॅटोचे साठ क्रेट घेऊन नाशिकजवळच्या आडगावहून वाशीच्या बाजार समितीत जायचे आणि रिकामी पिकअप घेऊन परतायचे, हा एकच प्रवास मी गेल्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांच्या अंतराने दोनदा केला. रस्ता, माल, चालक आणि निघण्याची वेळ दोन्ही खेपांना सारखी होती. बदलले होते ते फक्त टायर. पहिल्या खेपेला गाडीवर 235/75 आर15 मापाचे (रुंदी 235 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 15 इंच) जाड नक्षीचे लग टायर होते. शेतातील चिखलात गाडी रुतू नये म्हणून ते मी दोन पावसाळ्यांपूर्वी बसवले होते. दुसऱ्या खेपेला कंपनीच्या मूळ मापाचे, म्हणजे 215/75 आर15 चे, डांबरी रस्त्यासाठी असलेले रिब नक्षीचे, म्हणजे सलग उभ्या खाचांचे, रेडियल टायर होते. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील अनेक बागाईतदार असाच बदल करण्याच्या विचारात असतात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा हिशेब तपशिलाने लिहीत आहे.

पहाटे पाच वाजता, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील पट्टीत मालासह जेवढी हवा सांगितली आहे तेवढी मी दोन्ही वेळा स्वतःच्या गेजने मोजून भरली. डिझेल एकाच पंपावर, एकाच नोझलने, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत भरले आणि परतल्यावर त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा तसेच भरले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून घाट टाळून जाता येते. परंतु माझ्या नेहमीच्या खेपा घोटी, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर आणि भिवंडी या जुन्या वाटेनेच होत असल्याने तुलनेसाठीही तीच वाट धरली. वेग साठच्या आसपास ठेवला, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि एका खेपेला साठ व दुसऱ्या खेपेला ऐंशीने गाडी चालवली, तर टायरचा परिणाम त्यात पार झाकून जातो.

पहिल्या खेपेला 29.6 लिटर डिझेल लागले आणि गाडीच्या काट्यावर 334 किलोमीटर भरले. दुसऱ्या खेपेला 27.5 लिटर लागले आणि काटा 348 किलोमीटर दाखवत होता. सरळ भागाकार केला, तर ॲव्हरेज 11.3 वरून 12.65 झाले असे दिसते आणि एवढा फरक पाहून कोणीही हरखून जाईल. तथापि रस्ता तर एकच होता. मग चौदा किलोमीटर गेले कुठे? 215/75 आर15 टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर, तर 235/75 आर15 चा सुमारे 733 मिलिमीटर आहे. मोठे चाक एका फेऱ्यात चार टक्क्यांहून थोडे अधिक अंतर कापते, पण काटा चाकाचे फेरे मूळ मापानुसारच मोजत राहतो, त्यामुळे तो कमी किलोमीटर दाखवतो. मोबाइलच्या नकाशावर दोन्ही वेळचे अंतर 348 किलोमीटरच होते. तेव्हा पहिल्या खेपेचे खरे ॲव्हरेज 11.75 आणि दुसरीचे 12.65 धरले पाहिजे. खरी बचत फेरीमागे 2.1 लिटरची आहे. मोठे टायर लावल्यावर ॲव्हरेज फारच पडले, अशी जी तक्रार गॅरेजमध्ये नेहमी कानावर येते, तिच्यातील बराच भाग काट्याच्या या चुकीचा असतो, असे माझे मत झाले आहे.

उरलेला फरक कुठून येतो हे समजले, तर टायर निवडणे सोपे जाते. फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो; रबर दबताना घेतलेली सगळी शक्ती परत देत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. नक्षीचे ठोकळे जितके उंच आणि सुटे, तितके रबर अधिक हलते. नायलॉन टायरचे, म्हणजे तिरप्या धाग्यांच्या जुन्या पद्धतीच्या टायरचे, थर एकमेकांवर घासत असल्याने त्याचा विरोध रेडियलपेक्षा जास्त असतो. हा विरोध टनामागे किती किलो, अशा आकड्यात मोजतात. समजा एका टायरचा आकडा 12 आणि दुसऱ्याचा 9 आहे. माझी गाडी मालासह तीन टनांची होते, म्हणजे इंजिनाला 9 किलोचा जादा जोर सतत लावावा लागतो. एक लिटर डिझेलमधील सुमारे 36 मेगाज्यूल ऊर्जेपैकी एक तृतीयांश चाकापर्यंत पोहोचते असे धरले, तर 100 किलोमीटरमागे पाऊण लिटरच्या आसपास डिझेल त्या जोरापायी जाते. जाताना भरलेली आणि येताना रिकामी गाडी असा हिशेब केला, तर संपूर्ण फेरीला दोन लिटर येतात. माझ्या टायरांचे आकडे मोजलेले नाहीत, तरीही हा मेळ पाहून मला समाधान वाटले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे आणि वाशी खाडीकाठी. भरलेली गाडी जाताना उतरते, रिकामी गाडी येताना चढते. फक्त जातानाचे ॲव्हरेज मोजणाऱ्याला कोणताही टायर उत्तम वाटेल, म्हणून मोजणी नेहमी जाऊन-येऊनच करावी. 

हवेच्या बाबतीत आपल्याकडील थंडी विसरू नये. 60 पीएसआय हवेच्या टायरमध्ये तापमान 20 अंशांनी उतरल्यास सुमारे 5 पीएसआय हवा कमी भरते. डिसेंबरात निफाडकडे दुपारी भरलेली हवा पहाटे माल लादताना कमी असते, आणि मऊ टायर डिझेलही खातो व कडाही झिजवतो. मात्र घाट उतरून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून ती काढू नये.

डिझेल वाचवण्यासाठी कारचे हलके टायर पिकअपला लावण्याचा मोह कोणी करू नये; टायरच्या बाजूवरील भार क्रमांक मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्तच हवा. झिजलेल्या टायरचा विरोध नव्यापेक्षा कमी असतो हे खरे आहे, परंतु पावसात कसारा घाट उतरताना त्या बचतीला काहीच किंमत नाही, नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर काढावा. एकाच ॲक्सलवर नायलॉन आणि रेडियल कधीही एकत्र लावू नये. ज्यांची गाडी वर्षभर बांधावर आणि शिवारातच फिरते, त्यांनी लग टायर ठेवलेलेच बरे, कारण रिब टायर चिखलात जागच्या जागी फिरतो आणि गाडी ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

माझ्या आठवड्याला दोन फेऱ्या होतात, म्हणजे चार लिटरांहून थोडे अधिक डिझेल वाचते. लग टायर मी शेडमध्ये उन्हापासून दूर ठेवले असून जुलै ते सप्टेंबर पुन्हा बसवणार आहे. टायर बदलल्यानंतर ऐंशी-शंभर किलोमीटरवर चाकांचे नट पुन्हा आवळावे लागतात. मी ते शहापूरच्या अलीकडे थांबून आवळले, तेव्हा मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले.