क्लिअरव्ह्यू 1:500 – चौथ्या ग्रीनला बुरशी

क्लिअरव्ह्यू या अमेरिकेतील गोल्फ मैदानाची, मूळ मापाच्या पाचशेव्या भागाएवढी (1:500) प्रतिकृती मी करतो आहे. तिच्यातली नऊपैकी सहा ग्रीन, म्हणजे खळीभोवतीचे अगदी बारीक कापलेल्या गवताचे तुकडे, पूर्ण झाल्याचे मागच्या नोंदीत मी जरा फुशारकीनेच लिहिले होते. गेल्या रविवारी प्रतिकृतीवरचे प्लॅस्टिक उचलले, तर चौथ्या ग्रीनवर रुपयाच्या नाण्याएवढा राखाडी, मऊ डाग पडलेला होता आणि बोट लावताच गवत म्हणून चिकटवलेला रंगीत लाकडी भुसा पापुद्र्यासारखा निघून आला. गोल्फच्या गवताला ‘डॉलर स्पॉट’ नावाचा बुरशीचा रोग होतो. डाग डॉलरच्या नाण्याएवढे पडतात म्हणून ते नाव. माझ्याकडे तोच रोग रुपयात आला, एवढाच काय तो विनोद. पाचव्या आणि सहाव्या ग्रीनच्या कडाही संशयास्पद दिसत असल्यामुळे तिन्ही खरवडून काढावी लागली.

दोष माझाच आहे. धूळ बसू नये म्हणून ऐन पावसाळ्यात मी फळी प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवली होती. भुशाला पोस्टर कलर दिला होता, वर पाणी घातलेला पांढरा गोंद शिंपडला होता, आणि तो आतपर्यंत वाळल्याची खात्री केली नव्हती. लाकूड, ओल आणि कोंदट हवा एकत्र आल्यावर बुरशीला आणखी काय हवे? भुसाही चुकीचा निघाला. सुताराकडून फुकट मिळाला म्हणून सागाचा आणला. पण साग तेलकट, त्यावर रंग नीट चढत नाही, म्हणून रंगाचे तीन हात दिले आणि प्रत्येक हाताबरोबर पाणी वाढवत गेलो. पाइनचा भुसा एकाच हातात रंगतो. आयात केलेली तयार भुकटी एका विक्रेत्याकडून मागवून पाहिली होती. ‘फिकट हिरवा’ म्हणून जे आले ते शेवाळासारखे काळपट होते आणि भाव केशराचा. तो मार्ग माझ्यापुरता बंद.

दुरुस्तीसाठी एका लहान तुकड्यावर प्रयोग केला. पाइनचा भुसा मंद आचेवर कढईत कोरडा केला, गार झाल्यावर ॲक्रिलिक रंगात घोळवला, चहाच्या गाळणीतून आणि मग नायलॉनच्या मोज्यातून चाळला, आणि गोंदात कॅरमसाठी आणलेली बोरिक पावडर चिमूटभर मिसळली. आठ दिवस तो तुकडा मुद्दाम न्हाणीघराच्या खिडकीत ठेवला होता. अद्याप स्वच्छ आहे.

प्रयोग चालू असताना मात्र मूळ प्रश्नच वेगळा असल्याचे ध्यानात आले. ग्रीनवरचे खरे गवत पाच मिलिमीटरपेक्षा कमी उंचीचे कापतात. 1:500 मध्ये ते एका मिलिमीटरचा शंभरावा भाग भरते, म्हणजे ग्रीनवर भुसा घालण्याचे कारणच नव्हते. पुट्टी 400 नंबरच्या कागदाने घासायची आणि स्पंजने रंगाचे नुसते टिपके द्यायचे, एवढे पुरते. फेअरवेला, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या पट्ट्याला, मोज्यातून चाळलेला भुसा आणि रफला, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवताला, गाळणीतला भरड. डासांच्या रॅकेटपासून बनवलेले गवत उभे करण्याचे यंत्र, ज्याचे मागे मी पानभर कौतुक केले होते, येथे निकामी आहे; त्याचे दोन मिलिमीटरचे तंतू या मापात मीटरभर उंचीचे होतात. काल चौथे ग्रीन नव्या पद्धतीने केले. सकाळच्या उन्हात ते फेअरवेपासून जेमतेम एका छटेने वेगळे दिसले, आणि मी चहा घेऊन बराच वेळ नुसता त्याच्याकडे पाहत बसलो.

या छटेचा हट्ट का, ते नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ओहायोतील ईस्ट कॅन्टनचे हे मैदान विल्यम पॉवेल यांनी उभारले. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर ते घरी परतले, तेव्हा कृष्णवर्णीय म्हणून त्यांना गोल्फच्या मैदानांवर मज्जाव झाला आणि माजी सैनिकांसाठीचे कर्जही नाकारले गेले. दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांचे साहाय्य आणि भावाने उभे केलेले पैसे यांच्या बळावर त्यांनी 1946 मध्ये 78 एकरांचे दुग्धशाळेचे शेत घेतले. टिमकेन कंपनीतील सुरक्षारक्षकाची नोकरी सांभाळून, पत्नी मार्सेला यांच्या साथीने, बरेचसे काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. 1948 मध्ये नऊ होल, म्हणजे प्रत्येकी एक ग्रीन असलेले खेळाचे नऊ टप्पे, सर्वांसाठी खुले झाले. व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतील ‘फक्त गोरे’ हे कलम त्यानंतर तेरा वर्षांनी, 1961 मध्ये गेले. येथे महत्त्वाचा रंग एकच, तो ग्रीनचा, असे पॉवेल म्हणत. तोच रंग बुरशीने खाल्ला, म्हणून जीव अधिक चडफडला.

अठरा होल करण्याचा विचार मी आधीच सोडला होता, कारण उरलेले नऊ 1978 मध्ये पूर्ण झाले आणि त्यांच्यासाठी अधिक जमीन घ्यावी लागली. माझ्या चार बाय चार फुटांच्या फळीवर 78 एकरच कसेबसे बसतात. आता हे लिहिता लिहिता आणखी एक बदल सुचतो आहे. खरवडलेली पाचवी आणि सहावी ग्रीन पुन्हा करूच नयेत. तो कोपरा 1947 च्या सुमाराचा दाखवावा: अर्धवट पेरलेली माती, उपटायचे राहिलेले कुंपणाचे खांब, वेचून रचलेले दगड. एकाच फळीवर दोन वर्षे दाखवणे काटेकोर मंडळींना रुचणार नाही. पण नऊ तयार ग्रीन पाहून ही जमीन कोणी कशी साफ केली हे कळत नाही, आणि मला तेच दाखवायचे आहे.

दगडांसाठी खसखस लावून पाहिली. एक मिलिमीटरचा दाणा येथे अर्ध्या मीटरचा धोंडा होतो, जो एकट्या माणसाला हलणार नाही, शिवाय मुंग्यांना निमंत्रण. त्याऐवजी नदीची वाळू मोज्यातून चाळून घेतली आहे. खांबांसाठी जुन्या टूथब्रशचे केस उत्तम ठरले: जाडी सुमारे 0.2 मिलिमीटर, म्हणजे खरा खांब दहा सेंटीमीटरचा, आणि उंचीसाठी अडीच मिलिमीटरवर कापायचे. चिमट्याने आतापर्यंत अकरा उभे राहिले आहेत, दोन वाकडे. ते तसेच ठेवतो. शेतातले जुने कुंपण सरळ असल्याचे मी तरी पाहिलेले नाही.