हेल्मब्रेख्टची टोपी : मागची बाजू पूर्ण

‘हेल्मब्रेख्ट’ या जुन्या जर्मन काव्यात वर्णन केलेली टोपी मी भरतेय. रविवारी तिच्या मागच्या पट्टीवरचा शेवटचा पोपट भरून झाला. पंखाला हिरव्याच्या तीन छटा, रेशमाचे दोनच पदर, लांब-आखूड टाका. मानेपासून टाळूपर्यंत सगळे पक्षीच आहेत. कवी म्हणतो, जणू ते जर्मनीतल्या श्पेसार्टच्या जंगलातून उडत येऊन बसलेत!

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात : ‘हेल्मब्रेख्ट’ हे वेर्नहेर डेर गार्टेनेरेचं तेराव्या शतकातलं कथाकाव्य. शेतकऱ्याच्या पोराला सरदारासारखं मिरवायचंय. मठातून पळून आलेली एक जोगीण त्याच्यासाठी टोपी भरते; मोबदल्यात बहीण तिला गाय देते, आई चीज आणि अंडी. शेतकऱ्याने काळं किंवा करडंच नेसावं, असा कार्ल सम्राटाचा (शार्लमेनचा) नियम ‘कायझरक्रोनिक’ या बाराव्या शतकातल्या जर्मन पद्य-बखरीत सांगितलाय. त्या नियमाशेजारी ठेवून पाहिली की या रेशमी टोपीचा उद्दामपणा कळतो.

काव्यात टोपीच्या उजव्या कानावर ट्रॉयच्या वेढ्याचं चित्र आहे. ते मला उसवावं लागलं. टोपी समोर धरून आखली होती, त्यामुळे ते डावीकडे गेलं. उजवा कान घालणाऱ्याचा! दोन संध्याकाळचं काम गेलं, पण डावीकडे कार्ल सम्राट आणि त्याचे साथीदार रोलांट, टुर्पिन आणि ऑलिव्हर हवेत, तिथे तडजोड नाही.

भरता भरता एक गोष्ट मनात पक्की झाली. सुरुवातीला पक्ष्यांची नावं येतात : पोपट आणि पारवे. पुढे हा पोरगा दरोडेखोर होतो, आंधळा होतो, एक हात आणि एक पाय गमावतो. शेवटी त्यानेच लुटलेले शेतकरी त्याला जंगलात गाठतात आणि टोपी फाडतात. एका नाण्याएवढाही तुकडा सलग राहत नाही. तिथे पोपट आणि पारवे परत येतात, सोबत चंडोल आणि ससाणेही. फक्त आता हे पक्षी वाटेवर विखुरलेले आहेत, इथे केसांची बट, तिथे टोपीची चिंधी. वाचताना मी हे दोनदा ओलांडून गेले होते. एकेक पक्षी हाताने भरल्यावर ती ओळ वाचवत नाही. मला तरी हा नुसत्या गर्वाचा धडा वाटत नाही. कवीचा जीव त्या भरतकामात अडकलाय.

आता समोरची नाचाची पट्टी. दोन स्त्रियांमध्ये एक सरदार, दोन मुलींमध्ये एक मुलगा, शेजारी सारंगीसारखं वाद्य वाजवणारे. गुंफलेले हात एका पदरानेच भरणार आहे, उलटी टीप घालून.