ठिपक्यांच्या आड

दुकानाचं शटर वर करतोय तोवर सर दारात हजर. आमच्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. लॅपटॉप काउंटरवर ठेवत म्हणाले, "अरे, काल फायरफॉक्सला प्रायमरी पासवर्ड लावला. आज तोच टाकतोय, तर चुकीचा म्हणतंय."

बँक, पेन्शन, वीजबिल, सगळ्यांचे पासवर्ड फायरफॉक्स या ब्राउझरमध्येच साठवलेले आणि त्या सगळ्यांवर प्रायमरी पासवर्डचं एकच कुलूप. दुसरीकडे प्रत ठेवणारं सिंक नाही, वहीत नोंद नाही. आदल्या दुकानात कुणीतरी 'रीसेट करून टाका' म्हणालं होतं. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. हा प्रायमरी पासवर्ड फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडेही नसतो. विसरलात तर ओटीपी नाही, ईमेलवर लिंक नाही. रीसेट केलं की साठवलेले सगळे लॉगिन पुसले जातात. असं नसतं तर त्या कुलपाला अर्थच उरला नसता, हे मला पटतं; पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते सांगताना जीभ जड होते.

आधी ब्राउझर बंद करून त्याचा सगळा साठा ज्यात असतो त्या अख्ख्या प्रोफाइल फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. त्यातल्या 'लॉगिन्स डॉट जेसन' फाइलीत कुलूपबंद लॉगिन असतात आणि 'की४ डॉट डीबी'मध्ये त्यांची किल्ली. दोन्ही जोडीनंच हवीत.

मग कॅप्स लॉक पाहिलं, नम लॉक पाहिलं. सरांनी सातआठदा टाकून पाहिला. दरवेळी तोच नकार.

"मी विसरलेलो नाही रे," सर हळूच म्हणाले. त्या आवाजानं मला गलबलून आलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. विसरले नसतील, तर मग चुकतंय कुठे?

"सर, पासवर्ड लावला तेव्हा काय काम चाललं होतं?"

"सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहीत होतो."

"मराठीत?"

"मग काय इंग्रजीत?"

सर इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर टाइप करतात. त्यात 'के'च्या कळीवर क येतो, 'एल'च्या कळीवर त. कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके. दोनदा टाकला, दोन्ही वेळा जुळला आणि देवनागरी अक्षरांचाच पासवर्ड बसला. आज मशीन सुरू झालं ते इंग्रजीत.

विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून मी भाषा बदलली. "आता त्याच कळा दाबा, सर." आणि पाठ फिरवली. एका बोटाचा टकटक आवाज, मग एंटर.

"आली रे यादी!"

मी वळलो तेव्हा सर चष्मा काढून डोळे पुसत होते.